ओळ कोण उचलणार

क्रॅनी फोर्क, केंटकी
३ सप्टेंबर १९९६

चि. डेलमस यास,
अनेक उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस, बाबा धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण आपला फोन स्वयंपाकघरात आणि बाबा दिवसभर त्याच्याखालीच खुर्ची टाकून बसलेले. म्हणून शाळेच्या भटारखान्यात बसून लिहिते आहे. दोनशे पोरांचा मक्याचा पाव भट्टीत आहे, तो फुगेपर्यंत मला वेळ आहे.

रविवारी सकाळी इथल्या रेडिओवर तुझ्या कंपनीचं गाणं लागलं. निवेदकानं नाव घेऊन सांगितलं, शिकागोचे स्लेट डंप रेकॉर्ड्स, कोरीनबाईंची नवी सीडी, महिनाअखेर दुकानात. आणि मग बाबांचा आवाज! आईच्या स्मरणसभेतला, टेपवर घेतलेला. बाबांनी ओळ सांगितली, चर्चच्या मंडळीनं ती मागून ओढून म्हटली, आणि तेवढ्यात खालून ढोल आणि गिटार सुरू. त्यावर तुझी कोरीन गाते आहे. माझ्या हातातला चमचा खाली पडला.

आपल्या पाळकांनी, ब्रदर हॉबर्टनी, ते ट्रकमध्ये ऐकलं. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून शेवटपर्यंत ऐकलं म्हणे. अकराच्या उपासनेत त्यांनी बाबांना ओळ सांगायला उठवलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. बाबा मांडीवर हात ठेवून बसून राहिले.

आपल्या मंडळीत वाद्याला थारा नाही, हे मी तुला शिकवायला हवं का? अठ्ठावीस तारखेच्या शनिवारी मंडळीची बैठक आहे आणि तिथे बाबांचा विषय निघणार आहे. त्यांना बाहेर काढतील, डेल. ती सीडी थांबव.

काळजीत असलेली,
व्हर्जीताई

शिकागो
८ सप्टेंबर १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आधी वाटलं होतं, तू नेहमीसारखं, पाठवलेले मोजे मिळाले की नाहीत ते विचारलं असशील.

ताई, मी चेष्टा केली नाही गं. आमचं ऑफिस म्हणजे धोब्याच्या दुकानावरची दीड खोली. कोरीन स्वतः खोकी बांधते. सहा वर्षं आम्ही एकच धंदा केला: रेडिओवर कंट्री संगीत म्हणून जो पाक ओततात त्याला नाक मुरडणारी, गिटार जोरात वाजवणारी, पण मुळात आपल्यासारख्या गावांतून आलेली माणसं गोळा करायची आणि त्यांना गाऊ द्यायचं. ही सीडी आमची सगळ्यात चांगली आहे, आणि तिच्यातलं सगळ्यात चांगलं ते शेवटचं गाणं. बारमध्ये वाजवून बघितलं तेव्हा दाढीवाले, गोंदवून घेतलेले बाप्ये ग्लास खाली ठेवून उभे राहिले. बाबांच्या आवाजासाठी! ज्याला आपल्या दरीपलीकडे कुणी ओळखत नाही त्या आवाजासाठी.

बाबांना विचारलं नाही, हे कबूल. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणूनच विचारलं नाही.

दोन हजार सीड्या तयार होऊन आल्या आहेत. आता थांबवलं तर कंपनी बसेल, आणि कोरीनची दोन वर्षं पाण्यात. मी ब्रदर हॉबर्टना लिहितो की दोष माझा आहे. तेवढ्यानं भागेल. ते काही राक्षस नाहीत, लहानपणी मला मासे धरायला त्यांनीच शिकवलं.

बाबांच्या गुडघ्याला मलम चोळत जा. लोभ आहेच, रागावून तो कमी करू नकोस.

तुझा,
डेल

क्रॅनी फोर्क
१३ सप्टेंबर १९९६

डेलमस,

आशीर्वाद वगैरे आज नाहीत.

दाढीवाले उभे राहिले म्हणतोस. इथे कोण बसून आहे ते बघ. बाबांचं निम्मं ताट रोज तसंच परत येतं. काल मी त्यांना म्हटलं, बाबा, उठून एवढंच म्हणायचं की मला काही ठाऊक नव्हतं. खरंच तर आहे. तर म्हणाले, जेवायला काय आहे. आणि जेवले नाहीतच.

तू गाव सोडलंस तेव्हा तुझ्यापुढे शिकागो होतं. बाबांना मंडळी सोडून काय आहे? खाण बंद झाली, आई गेली. आठवड्यातून एकदा हा माणूस उभा राहतो, ओळ सांगतो आणि चाळीस माणसं ती उचलतात. तेवढ्यावर ते सोमवार ते शनिवार काढतात. बाहेर काढलं की कुणी त्यांचा हात हातात घेणार नाही. आणि मत सगळ्या सभासदांचं घेतात, हे विसरलास का? मीसुद्धा सभासद आहे.

ब्रदर हॉबर्ट काल स्वतः घरी आले. डोळे लाल होते त्यांचे. मला अंगणात बोलावून म्हणाले, तुझ्या बापाला, एस्टिलला, बाहेर काढण्यापेक्षा मी माझा उजवा हात तोडून देईन. दोन गोष्टी हव्यात. एक, त्याला ठाऊक नव्हतं असं मुलानं लिहून द्यावं. दोन, ते गाणं जगात कुठे राहू नये. सीड्या नाहीत, आणि ज्या टेपवरून केलं ती टेपही नाही. म्हणजे आईच्या सभेची टेप, डेल. मला कळतंय मी काय मागते आहे.

पंधरा दिवस आहेत. तू बाबांना विचारलं नाहीस, निदान मी विचारते आहे त्याला हो म्हण.

व्हर्जी

शिकागो
२३ सप्टेंबर १९९६
(तातडीच्या टपालाने)

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झालं. शुक्रवारी आमच्या गल्लीत कचरा दाबणारी गाडी येते, तिच्यात दोन हजार सीड्या माझ्या हातानं टाकल्या. गाडीवाला म्हणाला, एवढं वाईट गायलंय का कुणी. रेडिओवाल्यांना पाठवलेल्या प्रती मोडायला लावल्या. ज्या रिळावर गाणं जोडलं होतं, त्यावरून बाबांचा आवाज पुसला. आणि सभेची कॅसेट मोरीत जाळली. जाळण्याआधी एकदा ऐकली. शेवटच्या ओळीनंतर कुणीतरी खोकतं आणि बाबा म्हणतात, खिडकी लावा रे. पेटवल्यावर विझवावीशी वाटली, पण तोवर ती वितळली होती.

कोरीन चार दिवस बोलत नाही. मी खोकी खाली नेत होतो तेव्हा जिन्यात आडवी उभी राहिली. सारखं एकच म्हणत होती, आधी वडिलांना फोन कर, मग काय ते कर. मी तिचं ऐकून घेतलं नाही. ऐकलं असतं तर माझा धीर सुटला असता.

सोबतचं पत्र मंडळीत वाचायचं. त्यात शपथेवर लिहिलंय की बाबांना ठाऊक नव्हतं, मी चोरून केलं, आणि आता काही शिल्लक नाही. अक्षर न अक्षर खरं आहे.

शनिवारी काय होतं ते लगेच कळव. मला झोप नाही.

तुझा,
डेल

क्रॅनी फोर्क
२९ सप्टेंबर १९९६

चि. डेल,
अनेक आशीर्वाद. आज दुप्पट.

बसून वाच.

तुझं पत्र ब्रदर हॉबर्टनी मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर सगळ्या मंडळीनं श्वास सोडला, बायकांच्या बाजूला तर मला ऐकू आला. हॉबर्ट हसले आणि बाबांसमोर जाऊन हात पुढे केला. तो हात धरला की विषय मिटला, इतकं सोपं होतं.

बाबा उभे राहिले, पण हात धरला नाही. म्हणाले, "माझा मुलगा खोटं बोलत नाही. त्याला तसंच वाटतंय. पण मला ठाऊक होतं. ती गाणारी मुलगी आहे, तिनं मार्चमध्ये मला फोन करून विचारलं. फोनवर सगळं ऐकवलं. मी तीनदा ऐकलं आणि हो म्हणालो."

हॉबर्टचा हात तसाच पुढे. जवळजवळ विनवण्या केल्या त्यांनी. म्हणाले, एस्टिल, चूक झाली एवढं म्हण, हा हात इथेच आहे. बाबा म्हणाले, "चूक वाटली असती तर म्हटलं असतं. मला ते ऐकायला बरं वाटलं."

मग मत. बाहेर काढायला संमती असेल त्यांनी उभं राहायचं, आणि संमती सगळ्यांची लागते. एकेक करून सगळे उठले, काही रडत. मी उठले नाही. मनात म्हटलं, उभी राहू दे सगळी मंडळी मध्यरात्रीपर्यंत माझ्यासाठी. तेवढ्यात बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. ऊठ म्हणून. मी उठले, डेल. माझ्याच उठण्यानं ते बाहेर गेले.

घरी येऊन त्यांनी दोन ताटं भरून घेवडा खाल्ला. तोंड पुसत विचारलं, डेलनं ती सीडी पाठवलीय का, आता घरात लावायला काय हरकत आहे.

मी भांडी घासायला गेले. माझ्यानं सांगवत नाही. मीच तुला मोडायला लावली, मला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून ते निघत नाही. तू सांग.

तुझी,
ताई

क्रॅनी फोर्क
१४ ऑक्टोबर १९९६

चि. डेलमस यास,
आशीर्वाद.

तुझं सात पानी पत्र व्हर्जीनं वाचून दाखवलं. दोनदा थांबली. उत्तर मी माझ्या हातानं लिहितो आहे, अक्षर लागेल तसं लावून घे.

जळलं ते जळलं. त्यावर आता रडू नकोस, आणि बहिणीला रडवू नकोस. ती रोज माझ्या पुढ्यात जास्तीचं वाढून स्वतःला शिक्षा करून घेते आहे, आणि माझं पोट बिघडलं आहे.

कोरीनवर रागावला असशील तर सोडून दे. मीच तिला म्हटलं होतं, डेलला सांगू नकोस, तो आपणहून विचारतो का बघू. मार्च गेला, एप्रिल गेला. तू दर रविवारी फोन केलास. पाऊस विचारलास, गुडघा विचारलास. ते विचारलं नाहीस. मी नाही म्हणेन हे तू तुझं तूच ठरवून टाकलंस. पण मीही काही शहाणपणा केला नाही. बापानं पोराची परीक्षा घेत बसू नये, सरळ बोलावं. मी बोललो असतो तर त्या सीड्या आज दुकानात असत्या.

मंडळीत जातो. मागच्या बाकावर बसायला कुणाला बंदी नाही. हॉबर्ट ओळ सांगतो. बरा सांगतो, जरा घाई करतो. बाहेर पडताना माझ्याकडे बघत नाही, बिचाऱ्याला जमत नाही.

संध्याकाळी ओसरीवर मी ओळ सांगून बघितली. आवाज फार काही बिघडलेला नाही. पण हे गाणं एकट्याचं नव्हेच, एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं. व्हर्जी सुरुवात करते आणि हुंदका येऊन थांबते. मग मी नुसताच दरीकडे तोंड करून बसतो.

थंडीच्या आत एकदा ये. त्या मुलीलाही आण, तिला म्हणावं गिटार आणली तरी चालेल, आता मला कोण काय म्हणणार. रेकॉर्डिंगचं यंत्र मात्र आणू नकोस. इतकी वर्षं तू दुसऱ्यांना गायला लावतोस, पण माझ्या मागून शेवटचं म्हटलंस तेव्हा तुला मिसरूड फुटलं नव्हतं.

मी ओळ सांगेन. तू उचलशील का? विचारतो आहे.

तुझा बाप,
एस्टिल