शेवाळ बंद कर

बालीगंज, कलकत्ता
१२ फेब्रुवारी १९७४

प्रिय श्यामकांत,

सरलाचं कार्ड आज मिळालं. तुझी बायको शहाणी, निदान तिने कळवलं तरी. मालवणच्या खडकांवरचं शेवाळ तू माझ्या प्रयोगशाळेसाठी खरवडून पाठवतोस, त्या गोणीसाठी मी हावड्याच्या पार्सल ऑफिसात चार-चार खेपा घालते, इथवर ठीक. पण तेच शेवाळ रोज शिजवून आईच्या ताटात? आणि तिच्या छातीतल्या गाठीच्या ऑपरेशनची मुंबईची तारीख चक्क सोडून दिलीस? अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

वर सरला लिहिते, उग्र वास येतो म्हणून तुम्ही उकळलेलं पाणी ओतून देता. धन्य! आम्हाला हवा असतो तो शेवाळातला चिकट, साखरेच्या जातीचा पदार्थ नेमका त्या गरम पाण्यातच उतरतो. आम्ही पाणी ठेवतो आणि चोथा फेकतो. तुम्ही चोथा आईला खाऊ घालता! थांब, आता पाणी पाजायला लागू नकोस, तुझा काही नेम नाही. आम्ही ते शुद्ध करून उंदरांच्या पोटात टोचतो, आणि त्यांच्या गाठीही आम्हीच रुजवलेल्या असतात. उंदीर ओंजळीत मावतो रे. आई माणूस आहे.

इथे दिवसातून तीनदा वीज जाते, फ्रिजमधले नमुने नासतात, सर माझ्यावर खेकसतात, ते सगळं मी मुकाट्याने सोसते. पण आई शेजारणींना सांगते की लेकीचं औषध लागू पडतंय, हे वाचलं आणि मी रडले. चिडून रडले. दुपारपर्यंत वाटत होतं, तुझाच राग आलाय.

खरं सांगते. दिवाळीत मी लिहिलं होतं की दहातल्या सात उंदरांच्या गाठी विरल्या. ते खोटं नव्हतं. पण डिसेंबरात त्या सातांच्या गाठी पुन्हा वाढल्या आणि सगळे मेले, हे मी कळवलंच नाही. आईने ते पत्र गावभर वाचून दाखवलं होतं ना, मला लाज वाटली. डॉक्टरांकडे तार करून नवी तारीख मागितली आहे, मी गुरुवारी हावड्याहून मुंबईला निघते. आईला घेऊन मुंबईला ये, अशी तुलाही तार केली आहे, पण तारेने आई जागची हलणार नाही. तिला समोर बसवून हे पत्र मोठ्याने वाच. माझी लाज राखायला एक ओळही सोडू नकोस.

तुझीच ताई,
सुनीती