रेणुकेला गाव दाखवलं, त्याची हकिगत

प्रिय सुलभा,

सर्वप्रथम तक्रार. तू गेल्यापासून आपल्या घरातल्या डब्यांचं आणि झाकणांचं पटेनासं झालं आहे. मोठं झाकण लहान डब्यावर बसत नाही, हे मी समजू शकतो; ते तर्काला धरून आहे. पण काल ज्या डब्यावर जे झाकण निमूटपणे बसलं, तेच आज त्याच डब्यावर बसायला नकार देतं, याला कोणत्या शास्त्राचा आधार? रेणुकेनं दोनदा सगळं लावून दिलं, मी दोनदा मोडलं. शेवटी सगळे डबे फळीवर आणि सगळी झाकणं टोपलीत, अशी फारकत मी मंजूर केली. मुंग्यांनी निर्णयाचं स्वागत केलं आहे.

आता पत्राचं खरं कारण. परवा मी आपल्या सुनेला गाव दाखवलं. काम तुझं होतं. ते मी इतक्या पांडित्यानं बिघडवलं, की तुला कळवल्याशिवाय राहवेना. हसू नकोस. पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

आपल्याकडची रीत तुला मी काय सांगावी! हळदीचा रंग उतरायच्या आत सासूनं सुनेला घेऊन निघायचं. आधी वेस, मग बारव, मग महादेवाचं देऊळ, पीरबाबांचा दर्गा आणि शेवटी नदीचा घाट. आपल्या आईनं तुला नेलं होतं. परतलीस तेव्हा मी विचारलं, "काय काय पाहिलंस?" तू म्हणालीस, "भल्लं पाह्यलं बाप्पा. पायाले फोड आले." एवढाच वृत्तान्त! गावातले नवरे त्याहून जास्त कधी विचारत नाहीत, आणि बायकाही सांगत नाहीत.

रेणुकेला कोण नेणार होतं? रिठदला जाऊन तिला पसंत केलंस तू, तिच्या आईला "पोरगी आता माही" म्हणालीस तू, आणि कार्तिकात निघून गेलीसही तूच. लोक म्हणाले, वर्षाच्या आत कार्य उरका, नाहीतर तीन वर्षं थांबा. वैशाखात उरकलं. हो, उरकलं हाच शब्द. मांडवात तुझ्या जागी एक सुपारी ठेवली होती. सुपारी सुनेला गाव दाखवत नाही.

पोळा झाला, भाद्रपद लागला, आणि मुलगी स्वयंपाकघर ते अंगण एवढंच गाव ओळखते. तिचा मोबाईल दुरुस्तीला टाकलाय, असं आपला निखिल सांगतो. कधीचा टाकलाय, हे विचारलं की म्हणतो, "येईन ना. मालेगावात काय एकच मोबाईल असते का दुकानदारापाशी?" शेतातल्या पंपांच्या मोटारींचं वाइंडिंग करणाऱ्या माणसाला, ज्याच्या स्वतःच्या दुकानाच्या शेजारीच मोबाईलवाला बसतो, एक मोबाईल परत आणायला इतके दिवस लागतात का गं?

मागच्या आठवड्यात भाजीवाली दारात आली. तिनं सहज विचारलं, "नाव काय वं बाई तुहं?" रेणुकेनं आधी मागे वळून पाहिलं. निखिल न्हाणीघरात होता. मग ती हळूच म्हणाली, "रेणुका." स्वतःचं नाव सांगायला घरात वळून पाहावं लागतं! मी ओसरीवर पेपर धरून बसलो होतो. त्यानंतर कोणती बातमी वाचली, ते मला आठवत नाही.

म्हणून मी ठरवलं. निखिलला म्हटलं, हिला गाव दाखवून आणतो. तो म्हणाला, "काय आहे गावात पाह्यासारखं? मोबाईलवर व्हिडिओ आहेत, ते दाखवा." मी म्हटलं, "तिचा मोबाईल दुरुस्तीला आहे." तो माझ्याकडे पाहत राहिला. मी चष्मा पुसत राहिलो. सकाळी त्याची मोटारसायकल मालेगावच्या रस्त्याला लागली, आणि आम्ही निघालो.

सुलभा, मी पूर्वतयारी करून गेलो होतो. शाळेत सहलीला नेतात तशी.

वेशीवरचा शिलालेख तिला पहिल्या अक्षरापासून वाचून दाखवला. अर्ध्या ओळी झिजल्या आहेत, त्या मी अनुमानानं भरल्या. ती बराच वेळ ऐकत होती, म्हणजे मला तसं वाटलं. मग तिनं विचारलं, "मामाजी, या समोरच्या घरात कोन राह्यते?" उंबऱ्यावर शांतामावशी गहू निवडत बसली होती आणि आमच्याकडेच पाहत होती. मी म्हटलं, "शांताबाई म्हणून आहेत एक. जुन्या दाई. तर, ही तिसरी ओळ बघ."

शांतामावशीनं सूप खाली ठेवलं होतं गं. उठायच्या बेतात होती. मी तिसऱ्या ओळीवर होतो.

बारवेवर मी तिला पायऱ्यांची रचना समजावली, कोनाड्यातली भग्न मूर्ती कोणाची असावी यावर दोन मतं सांगितली, त्यातलं एक खोडून काढलं. ती काठाशी उभी राहून खाली पाहत होती.

"आता पानी भराले येते का कोनी इथं?"

"आता कोण येणार? नळ आले घरोघर."

"म्हनजे कोनीच नसते?"

"कोणी नसतं. म्हणून तर शेवाळ बघ किती."

ती आणखी वाकली. मी म्हटलं, "चल, ऊन चढतंय." ऊन चढलं नव्हतं. मला तिचं ते वाकणं आवडलं नाही, एवढंच.

महादेवाच्या देवळात, उंबऱ्यावरच्या त्या कीर्तिमुखाची गोष्ट तिला सांगितली. भुकेनं वेडा झालेला राक्षस, खायला काही नाही, तर देव म्हणाला स्वतःलाच खा. त्यानं हात खाल्ले, पाय खाल्ले, पोट खाल्लं, शेवटी नुसतं तोंड उरलं. देव प्रसन्न झाला आणि त्याला दारावर मानाची जागा दिली. ही गोष्ट मी नववीच्या वर्गाला दरवर्षी सांगतो, मुलांना आवडते. रेणुका म्हणाली, "मंग त्याले थांबोलं काहून नाही कोनी? सारेच पाहून राह्यले होते ना?"

नववीच्या वर्गानं हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, हे प्रतीक आहे. ती "हौ" म्हणाली आणि पदर नीट केला.

दर्ग्याला जायला नदी ओलांडावी लागते. नकाशात तिला नाला म्हणतात. तू ऐकलं असतंस तर नकाशा काढणाऱ्याच्या घरी भांडायला गेली असतीस. पाणी घोट्याइतकं होतं. उंबऱ्यावर डोकं टेकवून रेणुकेनं डोळे मिटले, ते इतके घट्ट, की चादर सारखी करणारा मुजावर हात थांबवून उभा राहिला. तिथे मी काही सांगितलं नाही. मला त्या दर्ग्याचा काळ नक्की ठाऊक नाही, हे एकमेव कारण.

आणि मग घाट. घाटाच्या तोंडाशी रशीदाआपांचं बांगड्यांचं दुकान. आपांचा आवाज तुला माहीत आहे. पलीकडच्या काठावरची म्हैस मान वर करते.

"अवो सर! सून आनली का? पोळा झाला बाप्पा, आन आता आनून राह्यले! सुलभाबाई असत्या त तुमाले याच घाटावर धुतलं असतं! ये माय, बस. दे इकडं हात."

रेणुकेनं डावा हात पुढे केला. आपा म्हणाल्या, "उजवा बी दे." तिनं दिला नाही. आपांनी तो आपल्या हातांनी घेतला, जसा त्या गावातल्या प्रत्येक पोरीचा घेतात, आणि बाही वर सारली. तिथं त्या थांबल्या. मनगटाच्या वर निळं-काळं होतं. गोल नव्हतं, सरळ नव्हतं. बोटांचं होतं.

"दार लागलं," रेणुका म्हणाली.

"हौ माय," आपा म्हणाल्या. "दारं लै बेकार रायतेत. माह्या बहिनीले बी लागे."

मग बोटं चेपून चेपून, न दुखवता, त्यांनी दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या चढवल्या. पैसे देऊ लागलो तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "राहू द्या. सुलभाबाईकडून घीन मी, वर गेल्यावर." रेणुका पाण्यात पाय सोडायला खालच्या पायरीवर गेली, तेव्हा त्यांनी मला तुझी एक जुनी गोष्ट सांगितली.

तुला आठवतं, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आई तुला लागट बोलली, आणि तू घरातून निघून गेलीस? मी सायकल हाणत जऊळक्याच्या स्टेशनवर गेलो होतो. फलाटावर सगळ्या बाकांखाली वाकून पाहिलं. बाकाखाली बायको सापडत नसते, हे मला स्टेशनमास्तरांनी सांगितलं. आणि तू दुपारभर इथं होतीस! तेव्हा हे दुकान चालवणाऱ्या आपांच्या आत्याच्या मागल्या खोलीत, बेसन-भाकर खात.

"आली होती नं," आपा म्हणाल्या. "तुमच्या मायनंच त सांगतलं होतं तिले, गाव दाखोलं तवा. या दारी उभं करून म्हने, माह्यावर राग आला, जीव घाबरा झाला, त इथं येजो. कोनी इचारनार नाही."

मी घाटावर उभाच राहिलो, सुलभा. वेशीसमोर शांतामावशीचं घर. बारवेला लागून गुरवांचं. देवळामागे, दर्ग्यापाशी, घाटावर, प्रत्येक ठिकाणी एक दार. आई तुला दगड दाखवत नव्हती. स्वतःच्या विरुद्धसुद्धा तुला कुठं जाता येईल, ते ती दाखवत होती. आणि रेणुका सकाळपासून मला तेच विचारत होती! इथं कोण राहतं. इथं कोणी येतं का. मी तिला काय दिलं? झिजलेल्या ओळी. त्याही अनुमानानं भरलेल्या.

तू मला एवढ्या वर्षांत सांगितलं का नाहीस? मी नवरा होतो, म्हणून? बरोबरच असेल. आडवाट सगळ्यांना ठाऊक झाली तर ती आडवाट कसली. पण मग जाण्याआधी दुसऱ्या कुणा बाईच्या कानात तरी सांगायचं होतंस! तुला वाटलं असेल, वेळ आहे. सगळ्यांनाच वाटतं.

संध्याकाळी निखिल जेवायला बसला. बांगड्या दिसल्या. "कोनी भरल्या?" रेणुकेनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी नेलं होतं तिला."

"घरात जमत नाही का हिले?" त्यानं विचारलं, तिला नाही, मला. आणि ताट असं सारलं, की वरण चुलीपर्यंत गेलं. सुलभा, तेव्हा तुझा नवरा, ज्याला सभेत बोलायला बोलावतात, ज्याला सुभाषितांचा तोटा नाही, तो काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, "वरणात मीठ कमी होतं का रे?"

ती खाली बसून फडक्यानं पुसत होती. कुणी थांबवलं काहून नाही. सारेच पाहून राह्यले होते.

लहानपणी तो असाच ताट सारायचा, आणि तू म्हणायचीस, "पोट्टं आहे, येते राग," आणि पुन्हा गरम भाकर करायचीस. मी म्हणायचो, लाडावतेस. तू म्हणायचीस, तुम्ही तुमची पोथी वाचा. आपलं भांडण तिथंच संपायचं. त्याचा राग मात्र तिथं संपत नव्हता गं. तू गेलीस, तेव्हा तो रडला नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. मी लोकांना म्हणालो, पोरगा धीराचा आहे. मला आता वाटतं, तो त्या दिवसापासून कुणावर तरी हात टाकायची जागा शोधत होता, आणि आपण त्याला वाजतगाजत ती आणून दिली.

काल सकाळी रेणुकेच्या उजव्या हातात बांगड्या नव्हत्या. डाव्या हातात होत्या. अंगण झाडलेलं होतं, रोजच्यापेक्षा स्वच्छ.

मी विचारलं नाही. चहा छान झालाय म्हणालो.

आता वचन देतो. लिहून देतो, म्हणजे शाळामास्तराला फिरता येणार नाही. उद्या शाळेत रजेचा अर्ज टाकतो. निखिल गेला, की रेणुकेला पुन्हा गाव दाखवायला नेतो. शिलालेखाकडे पाठ करून शांतामावशीच्या उंबऱ्यावर तिला बसवीन, पाणी मागीन, आणि तोंडानं सांगीन: ही रेणुका, सुलभेची सून, ही केव्हाही आली तर दार उघडा आणि मला आधी विचारू नका. असंच पाचही दारी. बाप्याच्या तोंडी ते कसं दिसेल, हे गावानं बघून घ्यावं. मग बसनं रिठदला नेतो. तिच्या आईसमोर ती जे सांगेल, ते मान खाली घालून ऐकीन, मध्ये एकही श्लोक न घालता. ती म्हणाली, राहते इथंच, तर तिथंच राहील. आणि परत आल्यावर निखिलला विचारीन. मिठाबद्दल नाही.

एवढं सगळं लिहिलं, पण एक वाक्य पहिल्या ओळीपासून टाळत आलो आहे. आपला मुलगा तिला मारतो. मला आपल्या मुलाची भीती वाटते, सुलभा. त्याच्या आणि तिच्या मध्ये उभं राहायची वेळ आली, तर मी उभा राहीन की नाही, हे मला खरंच माहीत नाही.

तुझा,
मनोहर