शुक्रवारची टर्की-चिली

२ डिसेंबर १९७७, शुक्रवार

ठरलं! येत्या शुक्रवारी दुपारी ह्यांचे अमेरिकन साहेब, प्रुइटसाहेब, आणि त्यांची बायको डोना आमच्याकडे जेवायला. हे दिवसभरात चार वेळा म्हणाले, "शोभना, नीट कर हं सगळं." फॅमिली क्वार्टरच्या यादीवर साहेबांची सही व्हायची आहे. नाही झाली तर ह्यांची बदली रियाधला – एकट्यांची. आणि मी परत देवरुखला, सासरी.

दादा नेहमीसारखा आला होता. इथे सौदीत शुक्रवार सुट्टीचा; कतीफकडच्या कॅम्पातून बस येते, वेल्डर-फिटर मंडळींना खोबारच्या बाजारात सोडते. तिथून तो चालत येतो. आज जेवून उठला आणि शेगडीपाशी जाऊन नाक लावलं – "बाय, गॅसचा वास येतोय गो. पुढल्या शुक्रवारी नवी नळी आणतो."

पुढच्या शुक्रवारी नको, असं म्हणायला हवं होतं. मी 'बरं' म्हटलं.

६ डिसेंबर, मंगळवार

डोना आली होती, चिली शिकवायला. मला वाटलं चिली म्हणजे मिरची! तर तो एक पदार्थच आहे – खिमा, राजमा, टोमॅटो, सगळं एकत्र रटरट शिजवायचं. त्यांच्याकडे गाईच्या मांसाचा करतात. "तुम्हाला चालणार नाही म्हणून आपण टर्कीचा करू," म्हणाली. किती विचार करते!

टर्की तिनंच कंपनीच्या दुकानातून आणली. केवढी ती! दगडासारखी गोठलेली. फ्रीजमधलं दूध, भाजी, सगळं बाहेर काढलं तेव्हा कुठे मावली. तिच्या चिलीला धुराचा वास हवा असतो. त्याची बाटली मिळते म्हणे, पण तिची संपली. मी म्हटलं, धुराची काळजी नको, ते माझ्याकडे लागलं.

जाताना तिनं विचारलं, "तुझा इंजिनिअर भाऊ कसा आहे? मुंबईचा?"

मी म्हटलं, "छान आहे."

ही थाप मागे एकदा मारून गेले होते मी. ती कॉफी पीत सहज विचारत होती आणि माझ्या तोंडून इंजिनिअर निघालं. कसं निघालं? दादानं आठवीत शाळा सोडली, मी मॅट्रिक व्हावी म्हणून. ते नाही निघालं तोंडातून.

८ डिसेंबर, गुरुवार

सकाळी चिठ्ठी लिहिली – 'दादा, उद्या येऊ नकोस, आमच्याकडे पाहुणे आहेत.' कॅम्पच्या ड्रायव्हरकडे द्यायची म्हणून हे खिशात घालायला लागले. मी परत घेतली. फाडली. भावाला 'येऊ नकोस' लिहू? महिना नाही झाला भाऊबीजेला ओवाळून!

हे म्हणाले, "अगं, आला तर? त्याच्या त्या कपड्यांत?"

मी म्हटलं, नाही येणार. उद्या त्याची जादा पाळी आहे बहुतेक.

बहुतेक! मला काही ठाऊक नव्हतं.

९ डिसेंबर, शुक्रवार

लिहायला हात होत नाही. तरी लिहिते. कुणाला सांगणार दुसऱ्या?

सकाळी सहापासून उभी होते. टर्कीच्या तंगड्या आणि छातीचं मांस सोडवलं, सुरीनं बारीक केलं – मनगट भरून आलं. कांदा लाल केला, लसूण, भोपळी मिरची, भरपूर जिरं. घरून आणलेल्या संकेश्वरी मिरच्या तव्यावर काळपट होईस्तो भाजून वाटल्या. त्यात मांस परतलं, टोमॅटो, डब्यातला राजमा, आणि मंद आचेवर दोन तास. खालच्या यमनी रोटीवाल्यानं भट्टीतला निखारा दिला, हे चिमट्यात धरून पळत वर घेऊन आले. वाटीत निखारा, वर तूप, आणि पातेल्यावर झाकण. घरभर धूर! झाकण काढलं तेव्हा डोनानं दारातूनच वास घेतला आणि टाळ्या वाजवल्या. प्रुइटसाहेब दोनदा घेऊन जेवले. नाक पुसत, हसत. "माझ्या आईच्या हातची आठवली," म्हणाले. ह्यांचा चेहरा असा फुलला होता!

आणि बेल वाजली.

मीच उघडलं. दादा. सकाळची पाळी करून तसाच आलेला – ठिणग्यांनी भोकं पडलेला डगला, कपाळावर काजळी. एका हातात पाना, एका हातात गॅसची नवी नळी. तोंड उघडलं त्यानं, 'बाय' म्हणायला.

मागून डोनानं विचारलं, "कोण आहे, शोभना?"

मी म्हटलं – मीच म्हटलं, मला कुणी सांगितलं नव्हतं – "गॅसवाला. गॅस मॅन."

दादाला एवढं इंग्रजी येतं. दोन वर्षं अमेरिकन साहेबांच्या हाताखाली काम करतो तो. क्षणभर बघत राहिला माझ्याकडे. मला वाटलं आता हसेल, म्हणेल, काय गो चेष्टा करतेस! नाही. मान खाली घातली, चपला बाहेर काढल्या आणि म्हणाला, "जी मॅडम. पाइप बदलना है."

माझ्याशी हिंदी! माझा दादा माझ्याशी हिंदीत बोलला!

पाहुण्यांच्या समोरून गेला, भिंतीला अंग घासून. स्वयंपाकघरात नळी बसवली. साबणाचं पाणी लावून फुगे बघितले. मी दारात उभी. डोना आत आली आणि म्हणाली, "त्याला पण दे ना, भुकेला दिसतोय." मी वाटी भरली. थोडी ओट्यावर सांडली. ती दादानंच फडक्यानं पुसली.

उभ्यानं खाल्ली त्यानं. ओट्याला टेकून. वाटी स्वतः धुऊन पालथी घातली. म्हणाला, "बहुत अच्छा बना है, मॅडम." आणि गेला.

पाहुणे गेल्यावर ह्यांना वाटलं मी थकले म्हणून रडते. मग म्हणाले, "बरं सुचलं तुला. वेळ निभावली. दौलतला मी समजावीन, तो काही मनात धरणारा नाही."

बरं सुचलं!

१० डिसेंबर, शनिवार

उरलेली चिली फेकली.

१६ डिसेंबर, शुक्रवार

दादा आला नाही. भात, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी – त्याच्या आवडीचं सगळं केलं होतं. अकरापासून खिडकीत. बाजाराच्या बाजूनं खूप माणसं आली. तो नाही.

जादा पाळी असेल.

१९ डिसेंबर, सोमवार

क्वार्टर मंजूर झालं. तीन खोल्या, दोन एसी. ह्यांनी पेढे म्हणून अरबी मिठाई आणली. मी एक तुकडा चाखून बाजूला ठेवला. हे चिडले – "आता काय जन्मभर सुतक पाळणार आहेस?" मग त्यांनाच वाईट वाटलं. म्हणाले, शुक्रवारी कॅम्पवर जाऊ.

२३ डिसेंबर, शुक्रवार

जाऊन आलो. बायकांना कॅम्पात सोडत नाहीत. मी फाटकाबाहेर गाडीत बसले, हे आत गेले. चिली करून नेली होती. मुर्गीची, पण तसाच धूर दिलेली. माफी मागायला दुसरं काय नेणार होते?

हे परत आले ते दादाच्या खोलीतल्या गफूरभाईंना घेऊन. रत्नागिरीचे आहेत, क्रेन चालवतात. खिडकीशी वाकून म्हणाले, "बाय, दौलत नाही हो इथं. जिझानला पाठवला त्याला. दहा दिवस झाले."

जिझान! देशाच्या पार दुसऱ्या टोकाला!

"का पाठवला?"

"आम्हाला काय सांगतात? सकाळी नाव पुकारलं, दुपारी ट्रक. आमच्या खोलीत एकदम सुनं झालं बघा."

मग त्यांचं लक्ष माझ्या मांडीवरच्या डब्याकडे गेलं. "ही तीच का, अमेरिकन? अहो, तुमच्याकडून जेवून आला त्या दिवशी दोन तास तेच सांगत होता! बहिणीनं साहेबाला जेवायला बोलावलं, मला साहेबाच्या शेजारी खुर्ची दिली. साहेब म्हणाला, दौलत, अजून घे. आम्ही म्हटलं, नशीबवान आहेस लेका!"

हे गाडीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले, पाठ करून.

मी डबा गफूरभाईंच्या हातात दिला. म्हटलं, "खोलीतल्या सगळ्यांना द्या." खरं सांगावं असं फार आलं मनात. पण मग दादानं त्यांना जे सांगितलं ते खोटं ठरलं असतं. त्याची तेवढी खुर्ची तरी राहू दे.

की पुन्हा स्वतःलाच वाचवलं मी? कळत नाही.

२५ डिसेंबर, रविवार

जिझानचा पत्ता मिळाला. पाच पत्रं सुरू केली. 'दादा' एवढं लिहून पुढे काही सुचत नाही.

२७ डिसेंबर, मंगळवार

डोनाला सांगितलं. सगळं – इंजिनिअर, गॅसवाला, सगळं. ती रागावेल, हसेल, काहीही करेल म्हणून तयार होते. तिनं तोंडावर हात धरला.

म्हणाली, ड्वेननं – म्हणजे प्रुइटसाहेबांनी – त्याला ओळखलं होतं. त्यांच्याच पाइपलाइनवरचा वेल्डर. नातेवाईक असेल असंही वाटलं होतं त्यांना, म्हणून दुसऱ्या दिवशी साइटवर सहज विचारलं – काल ज्या घरी होतास ती तुझी कोण? दादाच्या कंपनीचा फोरमन शेजारी उभा होता. दादा म्हणाला, "कुणी नाही, सर. सुट्टीत मी गॅसची कामं करतो."

कफील, म्हणजे ज्यानं व्हिसा दिला तो मालक, सोडून दुसऱ्याचं काम करायचं म्हणजे इथे गुन्हा. फोरमननं लगेच वर कळवलं. ते तर त्याला मायदेशीच धाडणार होते. प्रुइटसाहेबांनी रदबदली केली म्हणून जिझानवर भागलं.

'माझी बहीण आहे' – एवढंच म्हणायचं होतं त्यानं. एवढंच!

ह्यांना विचारायला थांबले नाही. डोनाला म्हटलं, ऑफिसला फोन लाव. साहेब लाइनवर आले. मी म्हटलं, "मी शोभना. तो गॅसवाला नव्हता. दौलत माझा भाऊ आहे. सख्खा."