शिसे गेले, गूळ राहिला

मंगळवार, संध्याकाळ

चाकणच्या त्या कंपनीत परवा माझे भाषण. तिथे संगणकाचे बोर्ड बनतात. बोर्डावरचे भाग जोडायला, म्हणजे डाग (सोल्डर) द्यायला, आता शिसे अजिबात वापरत नाही, असे मॅनेजर म्हणाले आणि मी विश्वास ठेवला. त्याच्या कौतुकाची, टाळ्यांची वाक्येसुद्धा लिहून झाली.

आज पुतणी सविता घरी आली. ती तिथेच दुरुस्तीच्या टेबलावर डाग देते. दिवस गेलेत तिला, तिसरा महिना चालू आहे. पिशवीतला गुळाचा खडा तिने माझ्या हातावर ठेवला.

"घ्या काका, कंपनीचा प्रसाद."

"कसला?"

"धुराचा. शिशाचा धूर बाधू नये म्हणून पूर्वी सगळ्यांना गूळ द्यायचे. बाकीच्यांचा बंद केला, आमच्या टेबलाला अजून देतात."

शिसे गेले तर गूळ का राहिला? आणि एकाच टेबलाला? सवयीने देत असतील... नाही. डाग द्यायची शिशाची उरलेली तार तिथे गुपचूप संपवत असतील तर? आणि गुळाने शिसे उतरते, हे ठरवले कुणी?

"भाषण दणक्यात करा," जाताना म्हणाली. "मी पुढंच बसणारे."

टाळ्यांची वाक्ये खोडली. हाच खडा व्यासपीठावर ठेवीन आणि विचारीन, हा कशासाठी? पण ते परवा. सविता उद्या सकाळीच त्या टेबलावर बसेल. आधी तिला फोन, त्या टेबलावर बसू नकोस म्हणून.