उणकलच्या मशिदीसमोरून

बाई,

तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली आणि मीही आता तुमच्यासारखीच शाळेत शिकवते, नवनगरला. गेल्या महिन्यात नववीच्या मुलींना घेऊन सहलीला गेले होते. जैनांची बसदी, मठ, हुबळीतलं चर्च आणि परतीच्या वाटेवर उणकलची मशीद. कल्पना तुमचीच. पाचवीत तुम्ही आम्हाला कलघटगी रस्त्यावरच्या दर्ग्यात नेलं होतं. तिथल्या म्हातारीनं दिलेला मलिदा मी मुठीत धरून उभी आहे, खावा की टाकावा कळत नाही, आणि तुम्ही जवळ येऊन हळूच म्हणता, "नको असेल तर खाऊ नकोस. पण तोंड वाकडं करायचं नाही. आपण तिच्या घरी आलोय." तेव्हा घरच्यांची चिठ्ठी कुणी मागितली नव्हती. की मागितली होती, आणि तुम्ही आम्हाला कळू दिलं नाहीत? हे विचारायचं राहूनच गेलं.

या वेळी मी संमतीपत्रं तीनदा तपासली, तरी फोन वाजला की वाटायचं, कुणीतरी नको म्हणणार. बसदी आणि मठ नीट पार पडले. चर्चच्या आवारात मुलींनी डबे उघडले, तेवढ्यात एकीचे वडील स्कूटरवरून आले. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे, माणूस सभ्य. "टीचर, मी भांडायला आलो नाही," ते म्हणाले, "पण पालकांच्या ग्रुपवर काय चाललंय बघा. मशिदीतला एखादा फोटो बाहेर गेला, उद्या काही झालं, तर कुणाकडं बघायचं?" बोलताना ते सारखे रस्त्याकडं बघत होते. ते चिडले असते तर मी वाद घातला असता. ते घाबरले होते, आणि ती भीती मला लगेच लागली. मुख्याध्यापकांना फोन केला, तर म्हणाले, "तुम्हीच ठरवा."

मी ठरवलं. बसमध्ये उभी राहून सांगितलं, मशिदीत दुरुस्तीचं काम निघालंय, आज बंद आहे. तिसऱ्या बाकावर ती बसली होती, जिचे आजोबा त्या मशिदीची देखभाल करतात. आजोबा सगळं दाखवतील, खजूर देतील, असं ती कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होती. आता ही बोलणार, म्हणून मी बसची दांडी घट्ट धरली. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "हो, काम चाललंय. सकाळीच कळलं मला."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी तिच्या घरी गेले. आजोबांनी खुर्ची पुढं केली आणि कन्नडमध्ये म्हणाले, "नात सांगत होती, बस बिघडली म्हणून." म्हणजे माझ्यासाठी ती पोर दोनदा खोटं बोलली होती. मी त्यांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "माहीत आहे, टीचर. दारातच उभा होतो मी. बस समोरून गेली."

सोमवारी वर्गात सगळं कबूल केलं, आणि पुन्हा जाऊ या म्हणाले. हलकं वाटलं, अगदी खरं सांगते. पण घंटा झाल्यावर ती जवळ आली. "मिस, कशाला सांगितलंत? आता सगळ्या मला विचारतात, तुमच्या मशिदीत यायला भीती का वाटते म्हणून. मी काय सांगू?"

काल अकरा जणींना घेऊन गेले. दुकानदारांची मुलगी आली नाही. आजोबांनी हौदाशी नेऊन हातपाय कसे धुतात ते दाखवलं, आत चटईवर बसवलं. एका मुलीनं विचारलं, "इथं मूर्ती नाही, मग बघायचं कुठं?" ते हसले. "डोळे मीट, मग कळेल." सगळ्यांनी मिटले. मी मात्र उघडेच ठेवून दाराकडं बघत होते. कुणी आलं नाही, काही झालं नाही. त्यांची नात पुढं पुढं करत सगळ्यांना खजूर वाटत होती. माझ्यापाशी आली तेव्हा मान खाली घालून हातावर दोन ठेवले आणि गेली.

हे पत्र कुठं पाठवणार? पत्ता असता तरी धाडलं नसतं. कारण काल सकाळी बस येईपर्यंत मी फोन हातात धरून बसले होते, कुणाच्या तरी घरून नको म्हणून निरोप यावा, याची वाट बघत.