दोनदा मोजलेली आत्या

मंगळवार, सकाळ

स्वतःची घाण म्हातारीकडून निस्तरून घ्यायची होती, तर एवढं शिकलास कशाला? फोनवर काय लाडात येऊन म्हणालास, "आजी, तूच सांग ना आत्याला. हळूच. जेवताना." जेवताना! म्हणजे घास तिच्या घशात अडकणार आणि ढेकर तू देणार.

बरं. चिरंजीव अतिशहाण्यास आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. माझे गुडघे जागच्या जागी कुरकुरतात. खालचा न्हावी अजून गातो, गिऱ्हाइकं तरी येतात. आत्या ठीक आहे.

लाँड्रीच्या भिंतीवर तू बसवलेला तो तक्रारी मोजणारा पडदा मी पाहिलाय. आत्याने मुद्दाम मला लाँड्रीत नेलं होतं. इस्त्री विभागाची ती मुकादम, त्यामुळे सगळ्यांना बाजूला सारून मला पुढे उभं केलं. रंगीत खांब, रंगीत चकत्या. कुणा पोराची रंगपेटी सांडल्यासारखं दिसत होतं. ती मात्र देव दाखवावा तसं दाखवत होती.

तू सांगितलंस त्यातलं मला कळलं ते असं. हेडऑफिसात आधीपासून तक्रारींच्या बेरजांचा एक आयता साठा होता, तुम्ही त्याला क्यूब म्हणता. महिना, विभाग, गिऱ्हाईक, कुठल्याही बाजूने विचारा, बेरीज तयार. तू तो उचललास आणि तुझ्या नव्या मॉडेलला, म्हणजे पडद्यामागच्या हिशेबाला, जोडलास. शेजारी एकेक सुटी तक्रारही जोडलीस. पण क्यूबमध्ये लाँड्रीचा एकच जुना विभाग भरलेला होता, आत्याचा; बाकीचे अजून भरलेच नव्हते. म्हणून बाकीच्यांच्या तक्रारी एकदा मोजल्या, आणि तिच्या आधी सुट्या, वर पुन्हा त्यांचीच बेरीज.

म्हणजे घरातली माणसं मोजताना तू, मी, आत्या असे तीन धरायचे, वर "घरचे तिघे" म्हणून आणखी तीन मिळवायचे. आणि मग म्हणायचं, या घरात खाणारी तोंडं फार झाली, एकीला काढा.

"जोडणं सोपं असतं गं आजी, तपासायला वेळ नव्हता." वा रे वा! एवढ्या ठिकाणची माहिती एका घरात नांदायला आणलीस, तर त्यांची एकमेकींशी ओळख तरी करून द्यायची होतीस.

आणि तो तुमचा मॅनेजर, टाय बांधलेला खांब. एक चादर उचलून बघायचे कष्ट त्याने घेतले नाहीत. सगळ्यात उंच लाल खांब कुणाचा ते बघितलं आणि आत्याला खाली मळक्या कपड्यांच्या गोण्या निवडायला पाठवलं.

आत्या ठीक आहे म्हणाले, ते खोटं. कामावरून येते आणि उशीचा एकच अभ्रा इस्त्री करत बसते. उजेडात धरते, सुरकुती शोधते, पुन्हा करते. शेजारीण म्हणाली, "अगं, यंत्रच चुकलं असेल." केवढी भडकली तिच्यावर! "आमच्या पोराने बसवलंय ते. चुकले असेन तर मीच." राजीनामा लिहून ठेवलाय. शुक्रवारी देणार आहे.

तुझे शाळेचे शर्ट तिने इस्त्री केले म्हणून तू माणसात दिसलास. आत काय होतं ते आता दिसलं.

मी तिला काही सांगितलेलं नाही. सांगून उपयोगही नाही. माझ्या तोंडून ऐकलं तर म्हणेल, "आई, पोरावर आळ घेऊ नकोस."

तेव्हा शुक्रवारच्या आत ये. त्याच पडद्यापुढे, त्या टायवाल्या खांबासमोर उभा राहा आणि चूक कुणाची ते मोठ्याने सांग. आत्या तिथे असली पाहिजे. मेलबिल पाठवलीस तर याद राख. ती काय बोलेल ते खाली मान घालून ऐक.

तुला अजून तरी घरच्यांत मोजणारी,
आजी

ता. क. मला उत्तर पाठवू नकोस. उत्तर तू द्यायचंस, तोंडाने, आणि आत्याला.