एकसदस्यीय वेतन आयोग

१ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. निदान मी असेपर्यंत.

पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं काढली. हेडक्लार्क म्हणून निवृत्त. आमच्या पेन्शनवाढीची फाइल चौदा महिने सरकारात पडून आहे. कधीही विचारा, एकच उत्तर: ‘विचाराधीन आहे.’ काल पेन्शनर मंडळाच्या बैठकीत माझा तोल गेला. म्हटलं, महागाई कोणासाठी थांबत नाही, मग आम्हीच का थांबायचं? टाळ्या. मोर्चाचा प्रमुख म्हणून माझी एकमताने निवड. (बाकीच्यांनी आपापली दुखणी सांगितली.)

मोर्चा १५ तारखेला. संकल्प: रोज पहाटे पाचला उठून घोषणा लिहिणे.

२ मार्च, सकाळी ९.४०
आत्ताच उठलो. पहिल्याच दिवशी शरीराला धक्का देऊ नये.

धुणीभांडी करणाऱ्या मावशींनी पगारवाढ मागितली. अकरा वर्षं आपल्याकडे आहेत, दोन वर्षांत पैसा वाढला नाही म्हणाल्या. महागाईचं कारण पुढे केलं. हल्ली जो तो महागाईच्या आड लपतो! मी शांतपणे सांगितलं, मागणी रास्त आहे, पण घराची एकूण आर्थिक स्थिती बघावी लागेल. “म्हणजे कधी, साहेब?” म्हटलं, मावशी, विषय विचाराधीन आहे.

बायको आतून जोरात खोकली. तिला हवा बदललेली सोसत नाही.

५ मार्च
असा प्रश्न भावनेच्या भरात सोडवता येत नाही. आयोग नेमला. सदस्य: मी.

मावशी भांडी घासत असताना घड्याळ घेऊन मागे उभा राहिलो. कप अकरा सेकंद. कढई दोन मिनिटं. प्राथमिक निष्कर्ष: काम फार पटकन होतं, म्हणजे मुळात फारसं नाहीच. मावशींनी बायकोला हळूच विचारलं, साहेबांची तब्येत बरी आहे ना? बायको म्हणाली, अशीच आहे, निवृत्त झाल्यापासून.

घोषणा आजअखेर एक: ‘आश्वासन नको, आदेश हवा!’ दमदार आहे.

८ मार्च
घरकाम करणाऱ्या बायकांना साठीनंतर सरकार महिना भत्ता देणार आहे म्हणे. मावशी फॉर्म घेऊन आल्या. गेल्या महिन्यात त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली. दोन्ही हातांची बोटं सकाळी वळत नाहीत, म्हणाल्या, गरम पाण्यात धरून मग कामाला निघते.

तत्त्व म्हणून मी स्पष्ट बोललो. सरकारने असं घरबसल्या वाटलं तर माणसं आळशी होतात, तिजोरीवर ताण येतो. “साहेब, तुम्हालापण सरकारच देतं ना?” माझी गोष्ट वेगळी. मी ती अर्धा तास समजावून सांगितली. तेवढ्यात त्यांनी ओटा पुसून घेतला.

फॉर्म मात्र मनापासून भरला. तीन तास लागले. ‘व्यवसाय’ या रकान्यात लिहिलं: ‘गृहव्यवस्थापन साहाय्य (अंशकालीन, अस्थायी)’. चौतीस वर्षांचा हात आहे, दिसणारच.

११ मार्च
फॉर्म परत आला. असा व्यवसाय यादीत नाही. तिकडे कोणी नवशिका बसलेला दिसतो.

दुपारी बायको स्वतः मावशींबरोबर गेली. नवा फॉर्म घेतला, ‘धुणीभांडी’ लिहिलं, वीस मिनिटांत शिक्का. कार्यालयीन भाषेचा दर्जा किती घसरलाय!

१२ मार्च, सकाळी १०
मावशी आल्या नाहीत. बिल्डिंगमध्ये कुठल्याच घरी कोणी आलं नाही. बिल्डिंगमध्ये कामाला येणाऱ्या पाचही जणी खाली गेटपाशी बसल्यात. पगारवाढ मिळेपर्यंत काम बंद!

हा निव्वळ अडवणुकीचा प्रकार आहे. बायकोला म्हटलं, अनुभवी माणसाने मध्यस्थी करायला हवी. ती म्हणाली, कोणी सापडला तर बघा. खाली गेलो.

दुपारी १२
त्यांना नीट मार्ग सांगितला. आधी निवेदन. मग स्मरणपत्र. मग दुसरं स्मरणपत्र. मावशींनी विचारलं, “तुमच्या निवेदनाला किती दिवस झाले, साहेब?”

चौदा महिने, म्हटलं.

पाचही जणी एकदम “अरेरे” म्हणाल्या. जिना पुसणारीने सरकून मला जागा दिली. बसलो थोडा वेळ. ऊन छान होतं. निवृत्त झाल्यापासून माझ्या पेन्शनबद्दल इतक्या आस्थेने कोणी विचारलं नव्हतं. मंडळातल्यांना तर फक्त स्वतःचीच सांगायची असते.

१३ मार्च
बायको म्हणाली, माझे गुडघे धरलेत, भांडी तुम्ही बघा. आणि पेपर घेऊन बसली. पेपर मी आधी वाचतो, हे तिला ठाऊक आहे.

कढईपासून सुरुवात केली. सव्वीस मिनिटं. तीही पूर्ण निघाली असं म्हणता येणार नाही. आयोगाचे आकडे पुन्हा तपासावे लागतील. बहुतेक घड्याळात दोष.

शर्ट, बनियन, चष्मा, सगळं ओलं. घोषणा लिहायला हात उरला नाही.

१४ मार्च, सायंकाळी ६
तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर सकाळीच फुटले. त्यांच्याकडे सात माणसं, सिंक भरून भांडी जमिनीवर आलेली. एक घर नमलं की बाकीच्यांचं अवसान गळतं, तसंच झालं. दुपारी सोसायटीची तातडीची सभा. दरमहा तीनशेची वाढ आणि आठवड्याला एक सुट्टी. मंजूर.

मी तत्त्वासाठी तटस्थ राहिलो. आमच्या घराचा हात बायकोने वर केला. दोन्ही हात केले.

आयोगाचा अहवाल जवळजवळ तयार होता. पंचाहत्तरची शिफारस होती, दोन हप्त्यांत. घाई केली त्यांनी.

१५ मार्च
मोर्चा! अपेक्षा चारशेची. आले नऊ. त्यातले एक गृहस्थ डोळ्यांच्या दवाखान्याचा रस्ता विचारायला थांबले होते. रस्ता एकच असल्याने मी त्यांनाही रांगेत घेतलं. एक घोषणा नऊ जणांनी पाऊण तास दिली. दोघांना मध्येच चक्कर आली, एका बाकावर बसवून पुढे गेलो.

साहेब रजेवर. निवेदन शिपायाने घेतलं. पण माझा अनुभव कामी आला, पोच घेतल्याशिवाय हललो नाही. कारकून बाहेर येऊन म्हणाला, “सहानुभूतीपूर्वक विचार होईल.”

सहानुभूतीपूर्वक! चौदा महिन्यांत हा शब्द पहिल्यांदा आला. घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने विचारलं, ती दर महिन्याला मिळणार की एकरकमी?

२० मार्च, सायंकाळी ७
मंडळाची बैठक. अध्यक्ष म्हणाले, लढा कसा जिंकतात हे आता अनुभवी व्यक्तीकडून ऐकू या. मी कॉलर सारखी करून उठलोच होतो. पण त्यांनी बोलावलं होतं मावशींना. बायकोच्या सांगण्यावरून. बायकोही आली होती. मी उठलोच होतो म्हणून मला प्रास्ताविक करायला लावलं.

मावशी म्हणाल्या, मी भाषण करत नाही. त्यांनी फक्त विचारलं, “तुम्ही काय बंद करणार?”

अध्यक्षांनी प्रश्न इतिवृत्तात लिहून घेतला.

“आम्ही हात थांबवले, तर घरोघर अडलं. तुमच्यावाचून कोणाचं काय अडतं, ते शोधा. तेवढं बंद करा.”

माजी खजिनदार म्हणाले, मी सुनेच्या कुंड्यांना पाणी घालतो. पण ते बंद केलं तर सून जेवायला वाढणार नाही. माजी टायपिस्ट म्हणाले, मी नातीला शाळेतून आणतो. मावशी म्हणाल्या, “मग तिला नका अडवू हो.” ते म्हणाले, छे छे, तेवढीच तर गंमत असते दिवसात. यादी तिथेच संपली. मी चहाची वेळ झाल्याचं जाहीर केलं.

येताना वाटेत बायकोला सहज म्हटलं, समजा उद्यापासून मी सगळं बंद केलं, तर तुझं काय अडेल?

“थांबा, विचार करते,” म्हणाली.

तेव्हा साडेपाच वाजले होते. आता सात. दोनदा तिच्या खोलीत डोकावून आलो. प्रामाणिक बाई आहे. अजून करतेच आहे.